मार्लिसच्या बातमीची दुरुस्ती

मार्लिस मेली.

एवढंच वाक्य. दोन शब्द. ते आमच्या गावच्या साप्ताहिकात छापून आणायला मला चार आठवडे लागले. त्या चार आठवड्यांत मी अंत्यविधीवाल्यावर, संपादकावर, चर्चच्या पाळकबाईंवर, शेजाऱ्यावर आणि बायकोच्या सख्ख्या बहिणीवर संशय घेतला. त्यातला एक खरा निघाला. पाचांत एक हे प्रमाण वाईट नाही. आमचा शेरीफ याहून कमी आकड्यावर दोनदा निवडून आला आहे.

आता, आमच्या स्टावेन गावात कोणी मरत नाही हे आधी सांगायला हवं. इथं माणूस 'पास्ड अवे' होतो. म्हणजे निघून जातो. तेवढ्यानं घरच्यांचं समाधान झालं नाही तर देवाघरी जातो, चिरविश्रांती घेतो, प्रभूच्या कुशीत विसावतो. शेतकरी असला तर शेवटचं पीक घरी नेतो. शाळेतल्या बाई असल्या तर वरच्या वर्गात जातात. मागच्या वर्षी आमचा पोस्टमन गेला, तर 'अखेर योग्य पत्त्यावर पोचले' असं छापून आलं. सदतीस वर्षांत त्यानं माझी पत्रं योग्य पत्त्यावर पोचवली नव्हती, ते सोडा.

मी चौतीस वर्षं जिल्ह्याच्या रस्तेखात्यात ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवला. रस्त्यावर पाट्या लावणं माझ्याकडेच होतं. पूल तुटला की मी 'पूल तुटला आहे' असं लिहीत असे. 'पूल चिरविश्रांती घेत आहे' असं लिहिलं असतं तर निम्मं गाव नदीत सापडलं असतं. हा विनोद मी बरीच वर्षं करत आलो आहे आणि लोक अजून हसतात.

तेव्हा बायकोची, म्हणजे मार्लिसची, बातमी मी स्वतःच लिहिली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, बियाण्यांच्या कॅटलॉगच्या पाठीमागच्या अर्ध्या कोऱ्या पानावर.

'मार्लिस टॉलेफसन मंगळवारी सकाळी मेली. वय एकाहत्तर. ओळखणाऱ्यांना ती कशी होती ते सांगायला नको आणि न ओळखणाऱ्यांना सांगून उपयोग नाही. शनिवारी अकराला चर्चमध्ये. नंतर तळघरात कॉफी.'

व्हर्नानं ते वाचलं. व्हर्ना म्हणजे मार्लिसची थोरली बहीण. आमच्याकडे कोणी मेलं की व्हर्ना न बोलावता येते, आणि मरण नसलं तरी येते.

"अर्व्हिड, हे काय लिहिलंयस रे?"

"बातमी."

"तुझा कुत्रा मेला तेव्हा तू याच्या दुप्पट लिहिलं होतंस."

"कुत्रा हरवला होता. वर्णन द्यावं लागलं."

"आणि 'मेली'? स्वतःच्या बायकोला मेली म्हणतोस? 'निघून गेली' लिही की. सगळे तेच लिहितात."

"व्हर्ना, मार्लिस खरेदीला फार्गोला निघून जायची आणि संध्याकाळी सहाला परत यायची. हे तसं नाही."

त्यावर व्हर्ना काही बोलली नाही. तिनं कागद घडी घालून माझ्या हातात दिला. व्हर्ना काही बोलली नाही की सावध व्हावं, हे मला चव्वेचाळीस वर्षांत कळायला हवं होतं.

कागद मी अंत्यविधीवाल्या प्लॅडसनसाहेबांना नेऊन दिला, कारण बातमी वर्तमानपत्राकडे तेच पाठवतात. साहेबांचा आवाज असा की ते 'पाऊस येईल' म्हणाले तरी माणसाला रुमाल काढावासा वाटतो. त्यांनी कागद वाचला, हळूच माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाले, "आम्ही सगळं बघून घेऊ, मिस्टर टॉलेफसन." मला त्याच वेळी संशय यायला हवा होता.

गुरुवारी 'स्टावेन वार्ता'चा अंक आला. 'मिसेस मार्लिस टॉलेफसन (वय ७१) मंगळवारी सकाळी आपल्या राहत्या घरी शांतपणे निघून गेल्या.'

शांतपणे! मार्लिस स्वयंपाकघरात पडली ती बिटाच्या लोणच्याची मोठी बरणी घेऊन पडली. तो आवाज ऐकून शेजारचा ड्वेन कुझ्निया दाढी अर्धवट सोडून धावत आला होता. त्यात शांत काही नव्हतं. तिचा कोट खुर्चीवर काढून ठेवलेला होता, कारण मंगळवारी ती चर्चच्या तळघरात रजया शिवायला जायची. एकोणीस वर्षं दर मंगळवारी न चुकता. बिटाचा लाल डाग जमिनीवर अजून होता. व्हर्नानं तो पुसायचा प्रयत्न केला होता. मी फारसा केला नव्हता.

अंक घेऊन मी तसाच प्लॅडसनसाहेबांकडे गेलो.

"आम्ही एक अक्षरही बदललं नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी फॅक्सची प्रत पुढे केली. त्यावर माझंच अक्षर, माझाच 'मेली', आणि कॅटलॉगमधल्या भोपळ्याचा अर्धा फोटो. "खरं सांगायचं तर आम्हाला बदलायचा मोह फार झाला होता."

म्हणजे चोर वर्तमानपत्रात होता.

इथं एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. त्या आठवड्यात फोन आला. फार्गोच्या चष्म्याच्या दुकानातून, ग्लेंडा नावाच्या बाईंचा. "मिसेस टॉलेफसन आहेत का? त्यांचा वाचायचा चष्मा तयार आहे."

"ती आत्ता घरी नाही," मी म्हणालो.

"बरं. आल्या की सांगा हं."

"सांगतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

हे मी कोणाला बोललो नाही. माझ्याकडे तेव्हा महत्त्वाचं काम होतं.

'स्टावेन वार्ता'चा संपादक गॉर्डी हाउगडाल. संपादक तोच, छायाचित्रकार तोच, जाहिराती गोळा करणारा तोच, आणि सोमवारी शाळेची बस चालवणाराही तोच. त्याच्या टेबलावर इतके कागद की त्यात एखादा माणूस निघून गेला तर आठवडाभर कळणार नाही.

"दुरुस्ती हवी?" गॉर्डी म्हणाला. "मग अर्ज भरावा लागेल." त्यानं खणातून एक कागद काढला. 'काय छापले गेले' आणि 'काय छापायला हवे होते' असे दोन रकाने.

मी पहिल्यात लिहिलं, 'निघून गेल्या.' दुसऱ्यात लिहिलं, 'मेली.'

गॉर्डीनं ते बराच वेळ वाचलं. "अर्व्हिड, पण ही चूक नाही ना रे. चूक म्हणजे तारीख चुकली, नाव चुकलं. मार्लिस निघून गेली हे खोटं आहे का?"

"मी ते लिहिलं नव्हतं."

"पण खोटं आहे का?"

"गॉर्डी, शब्द कोणी बदलला?"

इथं गॉर्डीनं कॉफीचा कप उचलला. कप रिकामा होता. मी स्वतः बघितलं. तरी त्यानं घोट घेतला. "छपाईत होतं असं कधी कधी," तो म्हणाला.

छपाईत 'मेली'चं 'मोली' होतं. 'मेली'चं 'शांतपणे निघून गेल्या' होत नाही. पण मी मान डोलावली. संशयिताला बेसावध ठेवावं, हे मला ड्वेननं सांगितलं होतं. ड्वेन टीव्ही फार बघतो.

दुसऱ्या गुरुवारी दुरुस्ती छापून आली. आता झालं काय, की दुरुस्तीला मिळतात दोन ओळी, आणि ती असते पान चारच्या अगदी तळाला. त्या आठवड्यात अग्निशमन दलाच्या पॅनकेक न्याहारीची जाहिरात जरा उंच झाली, आणि दुसरी ओळ तिच्याखाली गडप झाली. उरली ती पहिली. 'गेल्या अंकात मिसेस मार्लिस टॉलेफसन निघून गेल्या असे छापले होते. ते चूक आहे.' आणि लगेच खाली, ठळक अक्षरांत, 'चला, आनंदाने एकत्र येऊ या!'

सकाळी आठ वाजता ड्वेन माझ्या दारात उभा होता. हातात अंक.

"लेका अर्व्हिड," तो म्हणाला, "मी शवपेटी उचलली होती. उजवीकडून तिसरा. त्यात काय होतं?"

"मार्लिस होती."

"मग इथं हे काय म्हणतात?"

"ते चूक आहे."

"हो, तेच म्हणतात ते. चूक आहे."

त्याला समजवायला मला तीन कप कॉफी लागली आणि तरी जाताना त्यानं तळघराच्या जिन्याकडे एकदा वाकून बघितलं.

ड्वेन निदान मला ओळखतो. गावाचं तसं नाही. आमच्याकडे कोणी गेलं की बायका हॉटडिश करून आणतात. खिमा, नूडल्स आणि डब्यातलं मशरूमचं सूप एकत्र करून भट्टीत भाजतात, आणि काचेच्या भांड्यासकट दारात ठेवून जातात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव. भांडं परत करायची घाई करायची नसते आणि त्यांनी मागायचंही नसतं. हा अलिखित कायदा आहे. माझ्याकडे अशी अकरा भांडी होती. त्या गुरुवारी आणि शुक्रवारी नऊ जणी भांडी परत मागायला आल्या.

तोंडानं कोणी काही म्हटलं नाही. "सहज इकडून जात होते," असं म्हणायच्या. माझं घर रस्त्याच्या टोकाला आहे. त्याच्यापुढे फक्त बिटाचं शेत आहे. तिथून सहज कोणी जात नाही. आत यायच्या, भांडं घ्यायच्या आणि मान वळवून झोपायच्या खोलीकडे बघायच्या. मग जमिनीवरच्या लाल डागाकडे बघायच्या. मग माझ्याकडे.

"बीट," मी म्हणायचो.

"हो का," त्या म्हणायच्या, आणि दाराकडे पाठ न करता मागे मागे जायच्या.

ईडा लिंडस्ट्रॉम तर भांडं न घेताच गेली. म्हणाली, तुमच्याकडेच राहू द्या.

त्याच आठवड्यात मी कोर्टहाउसमध्ये गेलो होतो. आमची गाडी दोघांच्या नावावर होती, ती एकट्याच्या नावावर करायची होती. खिडकीतल्या बाईंनी मृत्यूचा दाखला बघितला, मग टेबलावरचा अंक बघितला.

"यात तर दुसरंच दिसतंय," त्या म्हणाल्या.

"बाई, हा सरकारी दाखला आहे. ते वर्तमानपत्र आहे."

"मला कळतं हो. पण आता गावात चर्चा आहे. उद्या मी शिक्का मारला आणि परवा त्या गाडी मागायला आल्या, तर? एवढं मिटवून या, मग लगेच करू."

चौतीस वर्षं मी त्याच इमारतीच्या तळमजल्यावरून ग्रेडरची किल्ली घेतली. त्या बाईंच्या लग्नाला मी आणि मार्लिस गेलो होतो. आणि आता माझी बायको मेल्याची खात्री पटवायला मला पॅनकेकवाल्यांच्या परवानगीची गरज होती.

शनिवारी ग्लेंडाचा फोन आला. "मिसेस टॉलेफसन?"

"नाही. बाहेर आहे."

"बाई कधीच घरी नसतात का हो?" त्या हसत म्हणाल्या.

"हल्ली नसते," मी म्हणालो.

रविवारी चर्चमध्ये पाळकबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अर्व्हिड, मी अंत्यविधी केला ना हो?" त्या नवीन आहेत, मोठ्या शहरातून आल्या आहेत. गावात काहीही होऊ शकतं अशी त्यांची समजूत आहे.

"केलात. चांगला केलात."

"हां. मला पण तसंच आठवतंय." त्यांना हायसं वाटलं. मला वाटलं, आलोच आहे तर मार्लिसची कात्री आणि अंगुस्तान तळघरातून घेऊन जावं. मी म्हटलं, "तिच्या रजयांच्या मंगळवारच्या मंडळाकडे काही वस्तू असतील."

"मंगळवार?" पाळकबाई म्हणाल्या. "रजयांचा दिवस बुधवार आहे. आणि मार्लिस... मला नाही वाटत त्या कधी यायच्या."

मी घरी आलो. टेबलाशी बसलो. एकोणीस वर्षांचे मंगळवार किती होतात त्याचा हिशेब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. आमच्या घरात चार रजया होत्या. मी त्या उलटून बघितल्या. एकीच्या कोपऱ्यात दुकानाचं लेबल होतं.

ड्वेनला सांगायला नको होतं. पण त्याच्याशिवाय सांगायला घरात कोणी नव्हतं.

"बायको दर मंगळवारी कुठं जाते हे तुला एकोणीस वर्षं माहीत नव्हतं?" तो म्हणाला. "आणि तू रस्तेखात्यात होतास?"

"मी विचारलं नाही. ती कोट घालायची. मी म्हणायचो, रस्ता निसरडा आहे. ती म्हणायची, हो."

"गड्या, माझ्या आजवरच्या अनुभवावरून सांगतो," ड्वेन म्हणाला, आणि पुढे काही सांगितलं नाही. ड्वेनचं लग्न झालेलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी काहीच आलं नाही. चौथ्या गुरुवारी दुरुस्तीची दुरुस्ती आली. गॉर्डीनं घाबरून ती पहिल्या पानावर चौकटीत टाकली होती. 'मिसेस मार्लिस टॉलेफसन हयात असल्याचा समज मागच्या एका अंकामुळे झाला. त्या खरोखरच शांतपणे निघून गेल्या आहेत. सर्वांची क्षमा मागतो.'

खरोखरच. शांतपणे. निघून.

मी फोन केला. "गॉर्डी, आपलं बोलणं 'मेली'चं झालं होतं."

"मी 'मेली'च लिहून दिलं होतं रे! देवाशपथ! मागच्या टेबलावर..." आणि तो थांबला.

"मागच्या टेबलावर काय?"

"छपाईत होतं असं," गॉर्डी म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

'वार्ता'चा अंक मंगळवारी रचला जातो. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण मंगळवारी दुपारनंतर मरणाची सोडून दुसरी बातमी घेत नाहीत. मंगळवार हा शब्द मला आता पुष्कळ वेळा भेटत होता. तेव्हा त्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी माझा पिकअप 'वार्ता'च्या मागच्या गल्लीत, धान्याच्या कोठाराच्या सावलीत उभा केला. थर्मास होता. ड्वेन होता. त्याला मी बोलावलं नव्हतं, पण त्यानं डोनट आणले होते.

"खाली वाक," ड्वेन म्हणाला.

"माझ्या पिकअपवर दोन्ही बाजूंना रस्तेखात्याचा जुना शिक्का आहे, ड्वेन. आपण वाकून काय होणार?"

साडेनऊला एक राखाडी गाडी आली. तिच्यातून व्हर्ना उतरली. इकडे तिकडे बघितलं, पर्समधून किल्ली काढली आणि 'वार्ता'चं मागचं दार उघडून आत गेली. किल्ली. स्वतःची किल्ली.

ड्वेनच्या तोंडातला डोनट तसाच राहिला. "व्हर्ना आणि गॉर्डी?" तो म्हणाला. "तिचं वय पंच्याहत्तर आहे रे."

मी दार ढकलून आत गेलो. मागची खोली लहान होती. एक टेबल, एक टाइपरायटर, त्याच्या शेजारी हिरवा पत्र्याचा डबा. तो डबा मी ओळखला. त्यात पूर्वी मार्लिसच्या पाककृती असायच्या. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तो घरातून नाहीसा झाला आणि ती म्हणाली होती, कुठं गेला देव जाणे. टेबलामागे व्हर्ना, नाकावर चष्मा. तिच्या हातात मी या आठवड्यासाठी नव्यानं लिहून दिलेली बातमी. बियाण्यांच्या कॅटलॉगवर, पुन्हा एकदा.

"तू!" मी म्हणालो.

"दार लाव," व्हर्ना म्हणाली. "वारा येतो, कार्डं उडतात."

"शब्द तू बदलत होतीस?"

"मी फक्त चार आठवडे. त्याआधी एकोणीस वर्षं मार्लिस बदलत होती." तिनं डबा माझ्याकडे सरकवला. "बस खाली. तूही बस, ड्वेन. आणि तो डोनट बाहेर ठेव."

डब्यात कार्डं होती, घराण्यांच्या नावांनी लावलेली. मार्लिसचं अक्षर. मी एकेक काढून वाचायला लागलो.

'हाउगेन: "झोपी गेले" कधीही लिहू नये. थोरला ट्रॅक्टरवर झोपला होता.'

'लिंडस्ट्रॉम, ईडा: "आजाराशी झुंज दिली" नको. म्हणते, आमच्यात कोणी झुंज देत नाही, आम्ही पडून राहतो.'

'ओस्लंड: नवरा "देवाघरी" चालवून घेईल. मुलगी नाही. मुलगी अंक वाचते, नवरा वाचत नाही. "निघून गेल्या".'

'कुझ्निया, ड्वेनची आई: "निघून गेल्या". ड्वेनला याहून जास्त सोसणार नाही.'

ड्वेननं ते माझ्या खांद्यावरून वाचलं. तो खिडकीपाशी गेला आणि बराच वेळ कोठाराकडे बघत उभा राहिला.

"लोक येऊन इथं काहीबाही लिहून द्यायचे," व्हर्ना म्हणाली. "रडत, रागात, गॉर्डीला कळायचं नाही काय ठेवायचं. मार्लिस एकदा वर्गणी भरायला आली होती, ती बसलीच. मग दर मंगळवारी. कोणी केलं ते गावात कळू द्यायचं नाही, हा तिचा नियम. नाहीतर लोक भांडायला घरी येतील."

"मला का सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात. जेवताना. तू तिला पुलाचा विनोद सांगितलास."

मला ते जेवण आठवेना. विनोद मात्र आठवत होता.

"त्यानंतर ती म्हणाली, रजया सांगितलेल्या बऱ्या," व्हर्ना म्हणाली. "आता 'ट' काढ."

'ट'मध्ये दोन कार्डं होती.

'टॉलेफसन, अर्व्हिड: "मेला". दुसरं काही छापलंत तर उठून दुरुस्ती मागायला येईल.'

आणि त्याच्यामागे, गेल्या वर्षीच्या तारखेचं. डॉक्टरांनी तिला हृदयाचं सांगितलं होतं त्याच महिन्यातलं.

'टॉलेफसन, मार्लिस: "शांतपणे निघून गेल्या". अर्व्हिडला हे आवडणार नाही. तो भांडायला येईल. येऊ द्या. महिनाभर दाद देऊ नका. घरात एकटा बसला तर जेवणार नाही आणि कोणाशी बोलणार नाही. महिन्यानंतर त्याला हवं ते छापा.'

मी ते दोनदा वाचलं. गेला महिनाभर मी प्लॅडसनसाहेबांशी, गॉर्डीशी, कोर्टहाउसशी, नऊ बायकांशी आणि पाळकबाईंशी बोललो होतो. ड्वेनशी तर इतका बोललो होतो की आयुष्यभराचं झालं.

"आणि पॅनकेकचं?" मी विचारलं.

"ते गॉर्डीनं स्वतःच्या अकलेनं केलं. ते तिच्या कार्डात नव्हतं."

"महिना परवा होतो," मी म्हणालो.

"अंकही परवाचाच आहे," व्हर्ना म्हणाली. "मी आज 'मेली' टाइप करायलाच आले होते. तेवढ्यात तू दार उघडं टाकलंस." तिनं टाइपरायटरमध्ये कागद सरकवला. एका बोटानं, हळूहळू, ती टाइप करायला लागली. माझ्या बहिणीचं नाव असतं तर मला जमलं नसतं. तिला जमलं. मग तिनं चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "घरी ये जेवायला. हॉटडिश आहे. ईडाला म्हणावं भांडं घेऊन जा, ती घाबरते."

गुरुवारी छापून आलं. पान दोन, मध्यावर, कुठल्याही जाहिरातीपासून दूर. 'मार्लिस टॉलेफसन मेली. वय एकाहत्तर.' बाकी सगळं माझ्याच शब्दांत. शनिवारी अकराला चर्चमध्ये हेही तसंच राहिलं, त्यामुळे शनिवारी सहा माणसं चर्चमध्ये गेली. पण ते मी गॉर्डीला सांगितलं नाही. दुरुस्ती मागायची इच्छा नव्हती.

"बरं वाटलं का रे?" ड्वेननं विचारलं.

"छपाई स्वच्छ आहे," मी म्हणालो.

बातमी कापून मी पाकिटात ठेवली. शुक्रवारी पुन्हा फोन वाजला. मी तो उचलला नाही. गाडीत बसलो आणि फार्गोला गेलो.

दुकानात ग्लेंडा एकट्याच होत्या. साठीच्या, गळ्यात मण्यांच्या माळेत अडकवलेला चष्मा. मी नाव सांगितल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, टॉलेफसन! तीन वेळा फोन केला तुम्हाला. कुठं असतात तुमच्या मिसेस? अशा सारख्या भटकणाऱ्या बाईचा मला हेवा वाटतो बघा. त्यांना पाठवून द्या, दांड्या कानावर बसवून देते. सोबत आल्यात का? गाडीत आहेत का?" आणि त्या मान वाकडी करून खिडकीतून माझ्या गाडीकडे बघायला लागल्या.

शब्द माझ्या खिशात होता. छापील. त्यासाठी मी महिनाभर गावाशी भांडलो होतो. मी तोंड उघडलं. ग्लेंडा अजून हसत होत्या. त्यांनी तीन वेळा फोन केला होता आणि तिन्ही वेळा त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

"ती निघून गेली, ग्लेंडा," मी म्हणालो. "महिना झाला. शांतपणे."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग काउंटरवरून हात पुढे करून माझ्या हातावर ठेवला.

"हा मी परत घेते," त्या चष्म्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तुम्हाला कशाला."

"नको. राहू द्या माझ्याकडे."

गाडीत बसून मी तो डोळ्यांवर चढवला. दांड्या घट्ट होत्या. समोरचा रस्ता धुरकट झाला, पाट्या वाचता येईनात. मग मी पाकिटातून कात्रण काढून जवळ धरलं. तिच्या चष्म्यातून तो शब्द फार मोठा दिसत होता.